लाइव्ह जाझच्या जुन्या रेकॉर्डी : खान्देशात अजून कोणी ऐकतं का?

वाघूरकाठ

मंडळी, नाट्यसंगीत, गझल, बिनाका, सगळ्यांवर इथे ढीगभर धागे आहेत. जाझवर शोधला तर एकही नाही. म्हणून मीच काढतो. शीर्षक वाचून पळू नका.

मी भुसावळचा. वडिलांनी नोकरीत असताना मुंबईहून आणलेल्या तबकड्या घरात आहेत. त्यांत स्टुडिओतल्या थोड्या आणि लोकांसमोर वाजवताना टिपलेल्या, म्हणजे लाइव्ह, जास्त. मलाही त्याच लागतात. स्टुडिओत वाजवलेलं पसंत पडलं नाही तर पुन्हा वाजवता येतं. लोकांसमोर एकदा स्वर गेला की गेला, मग तिथूनच पुढची वाट काढायची. जाझचा सगळा खेळ ह्या वाट काढण्यात आहे असं माझं मत. पटलं नाही तर भांडा, धागा त्यासाठीच आहे.

सुरुवात माझ्या लाडक्या रेकॉर्डपासून. ७ जुलै १९५६, अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा जाझ महोत्सव, ड्यूक एलिंग्टन आणि त्याचा बँड. एलिंग्टनचे दिवस सरले असं तेव्हा लोक उघड बोलायला लागले होते. एवढा मोठा ताफा पोसणं परवडत नव्हतं आणि तरुण पोरं रॉक अँड रोलच्या मागे लागली होती. त्या रात्री बँडची मुख्य पाळी आली तेव्हा मध्यरात्र होत आली होती, काही लोक घरी निघाले होते. एलिंग्टनने १९३७ सालच्या आपल्या दोन रचना काढल्या, 'डिमिन्युएंडो इन ब्लू' आणि 'क्रेसेंडो इन ब्लू', आणि दोन्हींच्या मधली जागा टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्व्हिसला मोकळी करून दिली. ब्लूज ह्या जाझमधल्या जुन्या प्रकाराचा एक फेरा बारा बारचा असतो, बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा. गडी सुरू झाला तो २७ फेरे थांबलाच नाही. मध्येच सोनेरी केसांची, काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागली, मग तिच्या आजूबाजूचे उठले, मग मागचे. काउंट बेसी ह्या दुसऱ्या बँडवाल्याकडे पूर्वी ड्रम वाजवणारा जो जोन्स स्टेजच्या कडेला होता, तो हातातलं गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटत ताल देत होता. लोक इतके पेटले की आयोजकांना घाम फुटला. पुढच्या महिन्यात एलिंग्टन 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता.

रेकॉर्डवर हे सगळं ऐकू येतं. सॅक्सोफोन एका बाजूने चढतो, गर्दी दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी शेवटी कोण कोणाला ओढतंय तेच कळत नाही.

तुमची आवडती सांगा. कोणती का असेना, कुठे हातात पडली तेही सांगा.

शेवभाजी_स्पेशल

भो, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आन तुम्ही घरात बसून सॅक्सोफोन ऐकून राहिले! हे मुंबईच्या हॉटेलातल्या साहेब लोकांचं काम. पंखा फुल करून बर्फ टाकलेल्या ग्लासासोबत ऐकायचं. आपण भरीत पार्टीवाले. आपल्याला कायले पाहिजे जाझ?

(धागा चांगला आहे, चिडू नका. मी हेडिंग वाचून आलो आणि पूर्ण वाचला, हीच पावती समजा.)

प्लॅटफॉर्म_नं_३

शेवभाजीभाऊ, साहेबलोक म्हणालात म्हणून लिहितो. मी रेल्वेतून निवृत्त झालो, आता जळगावला असतो, पण लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं. तेव्हा कॉलनीत अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडची कुटुंबं बरीच. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. नाताळच्या आठवड्यात इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये नाच असायचा. आदल्या दिवशी लाकडी फरशीवर पावडर घासून ठेवायचे, बूट सरकावेत म्हणून. आम्हाला आत प्रवेश नव्हता. खिडकीच्या गजांना लटकून बघायचो. ट्रम्पेट वाजवणारा माणूस आठवडाभर आम्हाला यार्डात तेलकट डांगरीत दिसलेला असायचा आणि त्या रात्री त्याच्या अंगावर पांढरा कोट. साहेब कुठला, पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणारा माणूस तो.

दुसरं, रेडिओ. आमच्याकडे मर्फी होता, पत्र्यावर तांब्याच्या जाळीची एरियल. रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं आणि त्यावर विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक जाझचा तास चालवायचा. १९५५ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम, पुढे कित्येक वर्षं चालला. आवाज खर्जातला, बोलणं एकदम सावकाश. इंग्रजी बेताचं असलेल्या माणसाला समजावं म्हणून तो मुद्दाम तसं बोलायचा. माझं इंग्रजी बेताचंच होतं, पण वादकांची नावं मला त्याच्यामुळे पाठ झाली. कार्यक्रमाची ओळखधून म्हणजे एलिंग्टनच्या बँडची 'टेक द ए ट्रेन'. गाडीवरचं संगीत म्हणून रेल्वे कॉलनीत ते आपलंच वाटायचं. पुढे समजलं की ती न्यूयॉर्कमधली जमिनीखालची लोकल.

आणखी एक मजा. सरकारी रेडिओने स्वतःच्या देशात प्रसारण करायचं नाही असा त्यांचा कायदा होता. त्यामुळे भुसावळात, वॉर्सात, मॉस्कोत कॉनोव्हर लोकांना ठाऊक, आणि अमेरिकेत त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं.

तानपुरा

धागा आवडला. मी जळगावला गाणं शिकवते. जाझ फार ऐकलेलं नाही, पण काल रात्री वाघूरकाठ यांनी सांगितलेला तो भाग शोधून ऐकला, दोनदा.

आमच्या क्षेत्रातले लोक जाझबद्दल लगेच "अरे, हे तर आपल्यासारखंच, उपज आहे" असं म्हणून मोकळे होतात. मला ते अर्धंच पटतं. फेरा आणि आवर्तन हे जुळतं. बारा बार म्हणजे चार चार मात्रा धरल्या तर अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन झालं आणि पुन्हा पहिल्यावर यायचं. पण आपल्याकडे तानपुरा सुरू झाला की षड्ज तासभर जागचा हलत नाही. तिथे खालचे स्वरमेळ दर एक-दोन बारनंतर बदलतात. म्हणजे गोन्साल्व्हिसला तान घेताना खाली काय बदललंय ह्याचं भान सतत ठेवावं लागतं. हे कौशल्य वेगळं आहे. उलट एका स्वरावर दहा मिनिटं थांबून त्याचं दर्शन घडवणं हे त्यांच्याकडे क्वचित दिसतं. तेव्हा दोन्ही आपापल्या जागी.

जळगावला बालगंधर्व महोत्सवात ऐकणाऱ्यांना एक गोष्ट मात्र लगेच ओळखू येईल. पुढच्या रांगेतून एक नेमकी दाद आली की गाणाऱ्याचं गाणं तिथून बदलतं. न्यूपोर्टच्या रेकॉर्डवर ते जागच्या जागी घडताना ऐकू येतं.

एक प्रश्न. गोन्साल्व्हिस म्हणजे गोव्याचे का?

वाघूरकाठ

ताई, मलाही लहानपणी तसंच वाटायचं, आणि वडील मुद्दाम "हो, म्हापशाचा" म्हणून सांगायचे. नाही. त्याचे आईवडील केप व्हर्डे बेटांकडचे. तिथेही पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून आडनाव तेच. गोव्याचे गोन्साल्व्हिस वेगळे. सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्व्हिस, आणि सिनेसंगीतातले व्हायोलिनवादक, वाद्यसंयोजक अँथनी गोन्साल्व्हिस.

प्लॅटफॉर्मकाका, तुमच्या व्हॉइस ऑफ अमेरिकाचा ह्या रेकॉर्डशी थेट संबंध आहे. त्या रात्री स्टेजवर दोन वेगळे मायक्रोफोन होते, एक रेकॉर्ड कंपनीचा आणि एक व्हॉइस ऑफ अमेरिकाचा. गोन्साल्व्हिस पुढे आला आणि नेमका रेडिओच्या माइकसमोर उभा राहून वाजवला. त्यामुळे कंपनीच्या टेपवर जाझच्या इतिहासातला इतका गाजलेला सोलो लांबून आल्यासारखा बसला. १९५६ च्या तबकडीवर तो तसाच आहे, माझ्याकडे तीच आहे. नव्वदच्या दशकात रेडिओची टेप अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयात सापडली. दोन्ही टेप जुळवून १९९९ मध्ये नवी आवृत्ती काढली, तिच्यात सॅक्सोफोन अगदी समोर येतो.

पियानोवाला थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन ह्यांची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली २९ नोव्हेंबर १९५७ ची मैफलसुद्धा त्याच ग्रंथालयात, रेडिओच्याच टेपांच्या ढिगात २००५ साली सापडली. तोपर्यंत त्या दोघांचं एकत्र ध्वनिमुद्रण फारच थोडं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं ती टेप तिथे पडून होती!

कळणा

मूळचा अमळनेरचा, सध्या पोटासाठी पुण्यात. वाघूरकाठ, तुम्ही भांडायला बोलावलंत, आलो.

तुमच्या लाडक्या रेकॉर्डचा अर्धा भाग तुम्ही सांगितलात. १९५६ च्या त्या तबकडीवरचं बरंचसं वादन न्यूपोर्टचं नाहीच. त्या महोत्सवासाठी एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न ह्यांनी नवी रचना केली होती, तालीम कमी पडली, वादन कच्चं झालं. मग दोन दिवसांनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावून पुन्हा वाजवून घेतलं आणि वर टाळ्या चिकटवल्या. तुमचा २७ फेऱ्यांचा सोलो खरा आहे, मान्य. पण आजूबाजूच्या टाळ्या ऐकून तुमचे वडील वर्षानुवर्षं डोलले असतील, त्यातल्या काही डब्यातल्या!

मिंगसचं काय? टोरांटोचा मॅसी हॉल, १५ मे १९५३. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच. बीबॉपचे, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या वेगवान नव्या जाझचे, पाच खांब एका स्टेजवर. टेपवर बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) नीट आला नाही म्हणून मिंगसने न्यूयॉर्कला जाऊन आपला बास त्याच्यावर पुन्हा वाजवून भरला आणि मग रेकॉर्ड बाजारात आणली. 'लाइव्ह' ह्या शिक्क्यावर इतका विश्वास ठेवू नका एवढंच म्हणणं. स्टुडिओवाला निदान काय करतो ते लपवत नाही.

वाघूरकाठ

कळणा, मॅसी हॉल तुम्ही काढलंत म्हणून त्याच रेकॉर्डवर तुम्हाला गाठतो.

त्या रात्री हॉल अर्धाअधिक रिकामा होता. कारण त्याच संध्याकाळी शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट ह्यांची हेवीवेट विजेतेपदाची लढत होती, लोक घरी बसले. लढत पहिल्याच फेरीत संपली, तो भाग निराळा. पार्करच्या हातात पांढरा, प्लॅस्टिकचा, ग्राफ्टन कंपनीचा सॅक्सोफोन होता. आज तो कॅन्सस सिटीच्या जाझ संग्रहालयात आहे. करार दुसऱ्या कंपनीशी असल्यामुळे रेकॉर्डवर त्याचं नाव 'चार्ली चॅन' असं छापलं. आयोजकांकडे पैसे नव्हते. म्हणजे वाद्य घरचं नाही, खुर्च्या रिकाम्या, मानधनाची बोंब. आणि 'अ नाइट इन ट्युनिशिया' मध्ये पार्कर जे वाजवतो ते ऐका. ह्या पाचजणांची ती एकच मैफल टेपवर आहे. दोन वर्षांत पार्कर गेला, वय ३४.

मिंगसने बास भरला असेल. पण पार्कर आणि गिलेस्पी एकमेकांवर कुरघोडी करतात ती त्याने भरलेली नाही. पाया दुरुस्त केला म्हणून वरचं घर खोटं ठरत नाही. टाळ्या चिकटवणं हा मात्र मी गुन्हाच मानतो, तिथे तुमच्याशी सहमत.

तानपुरा

कळणा आणि वाघूरकाठ, दोघांचं वाचून मजा आली. आमच्याकडेही मोठ्या कलावंतांच्या मैफलींच्या खाजगी टेपा फिरतात. खोकला, चहाचे कप, मध्येच संपलेली बाजू, पुन्हा लावेपर्यंत गेलेली तान. त्याच टेपा लोक जिवापाड जपतात, आणि कंपनीने काढलेली स्वच्छ वीस मिनिटांची बाजू कपाटात राहते.

पांझराकाठची

मी धुळ्याची. जाझमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण माझा मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. सीझनला रात्री दोन-तीनला घरी यायचा, ओठ सुजलेले. वरचा दात हलायला लागला तेव्हापासून वाजवणं सोडलं. आता बँडवाले एक कीबोर्ड आणि गाडीवर स्पीकर लावून भागवतात, तरी आमच्याकडे चांगले ट्रम्पेटवाले अजून आहेत.

तर रविवारी मामाला मोबाइलवर हे न्यूपोर्टचं ऐकवलं. आधी दोन मिनिटं गप्प. मग त्या बाईची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "हाई तं आपलंच शे. कोन्ही नाचाले लागनं म्हनजे वाजाडनाराले थांबता येस का?" मग सांगत बसला. वरातीत नवरदेवाचे मित्र नाचायला लागले, नोटा ओवाळायला लागले की मास्तर हाताने गोल फिरवून खूण करायचा. त्याचा अर्थ, अंतरा संपवू नका, तीच ओळ फिरवा. त्या फिरवण्यात पहिल्या दोन वेळा सरळ वाजवायचं, तिसऱ्यांदा ज्याला जमेल त्याने वर जागा काढायची. बाकीचे त्याला धरून राहायचे. नाचणारे दमले की मास्तर मूठ आवळायचा, सगळे एकदम बंद. बँडमध्ये ह्याला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं. जमणाऱ्या पोराला जास्त पैसे मिळायचे, बस.

मामाचा एक आक्षेपही आहे. म्हणे हा बुवा उभ्याउभ्या एका जागी वाजवतोय. वरातीत चालत, खड्डे चुकवत, समोर फटाके फुटत असताना वाजवून दाखवावं.

कळणा

दंडवत मामांना!! आणि त्यांना सांगा, जाझ चालतच जन्माला आलं. न्यू ऑर्लीन्समध्ये पितळी वाद्यांचे बँड रस्त्याने जायचे, मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेतसुद्धा. स्मशानाकडे जाताना संथ वाजवायचं, पुरून झाल्यावर परतताना उडतं, आणि मागून वस्तीतले लोक छत्र्या-रुमाल घेऊन नाचत. पुढे जगभर गाजलेला ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग लहानपणी त्या बँडांच्या मागे मागे फिरलेला. त्याने कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) वाजवायला धडे घेतले तेही बालसुधारगृहाच्या बँडमध्ये.

शेवभाजी_स्पेशल

मामा जिंकले. धागा इथेच संपवा.

एसटी_पास

मी चोपड्याहून जळगावला कॉलेजला येतो, गाडीत दीड तास मिळतो म्हणून हा धागा वाचून ऐकायला घेतलं. न्यूपोर्ट आवडलं. पण मग यादीत बिल एव्हान्सची व्हिलेज व्हॅनगार्डमधली मैफल आली आणि मला रागच आला. माणूस इतका नाजूक पियानो वाजवतोय आणि लोक जेवून राहिले, ग्लास आपटून राहिले, एक बाई चक्क हसते. असं कसं चालतं? तानपुरा ताईंच्या मैफलीत असं केलं तर?

तानपुरा

माझ्या मैफलीत केलं तर मी थांबून बघत बसेन, मग ते थांबतात. :)

कळणा

एसटी_पास, लेका, ती रेकॉर्ड सोडू नकोस. स्टुडिओचा वकील असूनही ही एक लाइव्ह मी कोणालाही देणार नाही.

व्हिलेज व्हॅनगार्ड म्हणजे न्यूयॉर्कमधलं तळघर. १९३५ पासून चालू आहे. जिना उतरून जायचं, खोली निमुळती, माणसं सव्वाशेच्या आसपास मावतात. २५ जून १९६१, रविवार. दुपारपासून रात्रीपर्यंत त्या तिघांनी पाच वेळा वाजवलं आणि सगळं टेपवर घेतलं. दुपारी आलेल्या लोकांना काय माहीत आपण कशात बसलोय! त्यांच्या दृष्टीने रविवारचं खाणंपिणं चालू होतं.

आता ग्लासाचा आवाज सोड आणि फक्त बास धर. इयरफोन चांगले असतील तर तो एका बाजूला स्पष्ट येतो. स्कॉट लाफारो, वय २५. तोवर बासवाल्याचं काम म्हणजे खाली ठोके देत राहणं. हा पोरगा पियानोला उत्तरं देतो, मध्येच तोडतो, कधी वर चढून स्वतःच सूर काढतो. एव्हान्स त्याला जागा करून देतो. पॉल मोटियन ड्रमवर ब्रश नुसता फिरवत राहतो. तिघांत साथीदार कोण ते सांगता येत नाही, आणि त्या काळात पियानो त्रिकुटात हे नवीन होतं.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. एव्हान्सने पुढे काही महिने लोकांसमोर वाजवलं नाही. त्या रविवारी टेपयंत्र आणलं नसतं तर हे तिघं कसे वाजवत होते ते आपल्याला थोडंच कळलं असतं.

एसटी_पास

परत ऐकलं. धरणगाव ते जळगाव फक्त बास ऐकला. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' मध्ये सुरुवातीला तो पियानोच्या मागे मागे हळू येतो आणि मग एकदम गाडी सुटते, तिथे अंगावर काटा आला. ती बाई मात्र अजून आवडत नाही.

प्लॅटफॉर्म_नं_३

मुंबईची आठवण कोणी काढली नाही म्हणून मी काढतो. आपल्याकडून पंजाब मेल पकडली की मुंबई एका रात्रीची. १९७८ मध्ये मुंबईत पहिली जाझ यात्रा भरली, निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी भरवलेली. धोबी तलावजवळचं रंगभवन, उघडं नाट्यगृह. सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स आला होता. माझा एक सहकारी आणि मी रेल्वेच्या पासवर गेलो. कार्यक्रमाचं तिकीट काढून परतीच्या जेवणाचे पैसे उरले नाहीत, वडापाववर आलो.

रोलिन्स वाजवताना स्टेजवर एका जागी उभा राहायचा नाही हे रेकॉर्डवर कसं कळणार? तो चालत राहायचा. माइकपासून लांब गेला की आवाज पातळ व्हायचा आणि वळला की एकदम भरून यायचा. मागच्या बाकांवर आम्ही होतो, तिथपर्यंत तो फरक येत होता. पांझराकाठच्या ताई, मामांना हे जरूर सांगा.

त्याआधीही मोठी माणसं मुंबईला येऊन गेली. पियानोवाला डेव्ह ब्रूबेक १९५८ ला, सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ ह्यांच्यासोबत बसला होता म्हणतात ते खरं आहे. एलिंग्टन १९६३ ला, आर्मस्ट्राँग १९६४ ला. अमेरिकन सरकारच पाठवायचं, शीतयुद्धातला प्रचार म्हणून. प्रचार का असेना, वाजवणारे अस्सल होते. आणि त्याच्याही आधी, १९३५ साली, लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. तिथल्या वादकांना बघून गोव्याची पोरं शिकली. त्यातलाच चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनिओ झेवियर वाझ, गाव हळदोणे. आर्मस्ट्राँगसारखा घोगरा आवाज, तसाच रुमाल, तसाच ट्रम्पेट. आपले सी. रामचंद्र त्याला सिनेमात घेऊन आले. भगवानदादांचा 'अलबेला' बघितलाय ना, १९५१ चा? त्यात वाजतो तो ट्रम्पेट ऐका. भुसावळच्या थिएटरात खाली चिल्लर फेकणाऱ्यांना ठाऊकही नव्हतं की आपण जाझवर नाचतोय.

शेवभाजी_स्पेशल

काका, हे आधी सांगायचं ना! 'अलबेला' माझ्या वडिलांनी किती वेळा पाहिला त्याचा हिशोब नाही. 'शोला जो भडके' घरात अजून वाजतं. म्हणजे मी लहानपणापासून जाझवाला निघालो की काय.

बरं, मला गाणारं कोणीतरी सांगा. नुसतं वाजवलेलं मला पाच मिनिटांच्या वर झेपत नाही.

वाघूरकाठ

एला फिट्झजेराल्ड, बर्लिन, १३ फेब्रुवारी १९६०. 'मॅक द नाइफ' म्हणायला घेते. सुरू करायच्या आधीच सांगून टाकते की शब्द आठवतील अशी आशा आहे. आणि खरोखर अर्ध्यात विसरते. थांबत नाही. शब्द विसरले हेच त्या चालीत, त्या तालात, यमक जुळवून गाते. मग आर्मस्ट्राँगची नक्कल करते, मग नुसते बोल. त्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं.

कळणा, स्टुडिओत हिला दिग्दर्शकाने थांबवून कागद हातात दिला असता. बोला आता.

कळणा

मंजूर. एलाबाईंसमोर माझा वकीलपत्राचा राजीनामा. पण एलिंग्टनच्या डब्यातल्या टाळ्यांवर मी ठाम.

शेवभाजी_स्पेशल

ऐकलं. बायकोलाही ऐकवलं. ती म्हणे, "बाई विसरली तरी किती कॉन्फिडन्स!" आमच्या घरात आता कोणी काही विसरलं की एला म्हणतात. साखर संपली सांगायला विसरलो तर "एला झाली."

तानपुरा

मंडळी, इथे लिहिणारे निम्मे जळगाव-भुसावळचेच दिसतात. थंडी पडली की एकदा बसूया का? माझ्या वर्गाची खोली मोठी आहे, सतरंज्या आहेत. वाघूरकाठ, तुम्ही तबकड्या आणि प्लेअर आणाल? फोनवरून नको, ती १९५६ ची, सॅक्सोफोन लांबून येणारी प्रतच ऐकायची आहे. आणि लगेच पाठोपाठ १९९९ ची.

वाघूरकाठ

आणतो. प्लेअरची सुई बदलायला झाली आहे, जुन्या सुईने तबकडी खराब होते, तेवढी मुंबईहून मागवतो. ॲम्प्लिफायर जुना आहे, व्होल्टेज पडलं की घरघरतो, कोणाकडे स्टॅबिलायझर असेल तर बघा. शनिवार ठेवा, रविवारी आमच्याकडे मेगाब्लॉक असला की गाड्यांचा भरवसा नाही.

शेवभाजी_स्पेशल

स्टॅबिलायझर माझ्याकडे आहे, फ्रिजचा काढून आणतो. भरीत माझ्याकडून. बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली, कळण्याच्या पुऱ्या. ठेचा वेगळा. एकच अट, गोन्साल्व्हिस चालू असताना जेवायचं नाही, एसटी_पासला राग येतो.

एसटी_पास

चोपड्याची शेवटची गाडी किती वाजता असते तेवढं बघून सांगतो. मुक्कामाची सोय होईल का कोणाकडे?

प्लॅटफॉर्म_नं_३

माझ्याकडे ये. खोली रिकामी आहे. मर्फी पण अजून आहे, बंद पडलेला.

पांझराकाठची

मामा येतो म्हणाला. क्लॅरनेट आणू का विचारत होता, दात नसताना. मी म्हटलं आण, कोणी बारा बार धरून ठेवणारा असेल तर बघू. हार्मोनियमवर कोण आहे?

तानपुरा

मी आहे. कोणत्या पट्टीत वाजवतात ते विचारून ठेवा.